दांडी लावली काय?

"लावली," असं डीसीकाका कुणीही न विचारता म्हणायचे आणि मग शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवायचे. आमच्या शेडमध्ये तुम्ही कधी आला असता, तर तुम्हालाही वाटलं असतं की हा माणूस कुणाशी तरी बोलतोय. आसपास कुणी नसे. गाडीच्या छतावर चढण्याआधी ते खाली क्षणभर थांबायचे, मान थोडी तिरपी करायचे, आतल्या खोलीतून कुणी हाक मारली तर आपण करतो तशी, आणि मग तो एकच शब्द. नवे फिटर हसत. मी हसत नसे. तो शब्द कुठून आला ते मला माहीत होतं आणि त्यात माझाही थोडा हात होता.

आमची रेल्वेची शेड वर्ध्याजवळची, लहानशी. सकाळ-संध्याकाळ पुलगाव आणि हिंगणघाटकडे नोकरदारांना आणि कॉलेजच्या मुलांना नेणाऱ्या मेमू, म्हणजे विजेवरच्या लोकल गाड्या आमच्याकडे तपासणीला येत. मी तिथला इंजिनिअर, म्हणजे सह्या करणारा. काका फिटर आणि माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. सत्तावीस वर्षं त्यांनी मुंबईकडच्या एका शेडमध्ये काढली होती. तेव्हा तिकडच्या तारेत दीड हजार व्होल्टचा डीसी करंट असायचा. पुढे तिकडेही आपल्यासारखा पंचवीस हजारांचा एसी आला आणि काकांची निम्मी विद्या भंगारात गेली. म्हणून त्यांची बदली एकदाची मंजूर झाली. मागत तर ते कित्येक वर्षं होते. नाचणगावला घर होतं आणि घरात बायको होती. तिला लकवा मारून उजवी बाजू गेली होती. तिचं सगळं भावजय करायची, पण भावजयीनं तरी किती दिवस करायचं?

बदलीला एक अट होती. सहा महिन्यांत एसीच्या कामाचा दाखला मिळवायचा. नाही मिळाला तर परत तिकडे, स्टोअरमध्ये सामान मोजायला. दाखल्याची परीक्षा मी घ्यायची आणि सहीही मीच करायची.

पहिल्याच दिवशी ते माझ्या टेबलासमोर हात बांधून उभे राहिले. "साहेब, लय दिवसानं घरी आलो. आता मले वापस पाठवजा नोका."

"बघू," मी म्हणालो. साहेब लोकांना हा शब्द फार उपयोगी पडतो.

डीसीकाका हे नाव त्यांना आठवड्याभरात पडलं, आणि त्याला जबाबदार तेच होते. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की ते सुरू व्हायचे. "डीसी म्हनजे सरळ मानूस. एका बाजूनं येते, एका बाजूनं जाते. तुमचा एसी एका सेकंदात शंभर खेपा तोंड फिरवते. असा मानूस गावात असता तं कोनी त्याले पोरगी देली असती काय?" एसीवर वाढलेले आमचे फिटर मग खोटं खोटं भांडायला उठत.

डीसीची गाडी एसीवर आणायची तर काय काय करावं लागतं, ते पुस्तकात सविस्तर लिहिलेलं आहे. डब्याखाली ट्रान्सफॉर्मर बसवायचा, तो तारेतल्या विजेचा दाब उतरवतो. पुढे रेक्टिफायर बसवायचा, तो त्याचा डीसी करतो. छतावरचे चिनी मातीचे इन्सुलेटर मोठे घ्यायचे. तारेला घासणाऱ्या पट्ट्या हलक्या घ्यायच्या, कारण एसीत दाब जास्त आणि करंट कमी. चाकं फिरवणाऱ्या मोटारी मात्र आमच्या त्या जुन्या गाड्यांत डीसीच्याच होत्या. हे ऐकलं तेव्हा काकांनी डबा बाजूला ठेवला. "म्हनजे एवढी उठाठेव करून शेवटी मोटारीले आमचाच करंट लागते!" पुढचे दोन दिवस ते शेडमध्ये जावयासारखे वावरत होते.

मोटारीत मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. गाडी आत येताना ते रुळाशेजारी उकिडवे बसायचे आणि आवाज ऐकून सांगायचे, तिसऱ्या डब्याची, मागची, कार्बन ब्रश झिजला. आमचे लोक झाकण उघडून बघायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. चुकलं तर म्हणायचे, "आज कानाले सर्दी हाये."

गाडी बदलण्याचं पुस्तक होतं. माणूस डीसीवरून एसीवर कसा आणायचा, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं.

अडचण एकच होती, पण ती जिवावरची होती. छतावर काम करायचं तर वरच्या तारेतली वीज आधी बंद करतात. डीसीमध्ये स्विच पाडला की तार मेली, निदान काकांच्या सत्तावीस वर्षांत तरी ती मेलेलीच राहिली होती. एसीत तसं नसतं. शेजारच्या रुळावरची तार जिवंत असेल तर या बंद तारेतही वीज उतरते. ती दिसत नाही, आवाज करत नाही, आणि माणूस जायला पुरते. म्हणून आम्ही अर्थिंगची दांडी लावतो. लांब दांडी, वर आकडा, खाली जाड वायर. वायर आधी रुळाला बांधायची, मग आकडा तारेला अडकवायचा, म्हणजे तारेत उतरलेलं जे काही असेल ते जमिनीत जातं. अशा दोन दांड्या, जिथे काम करायचं त्याच्या दोन्ही बाजूंना. दांडीचा नियम डीसीतही होता. पण ती विसरल्याची शिक्षा तिथे काकांना कधी झाली नव्हती, आणि हात तेवढंच शिकतो.

तोंडी परीक्षेत काकांनी सगळं धडाधड सांगितलं. दांडी, दोन्ही बाजू, आधी रूळ मग तार. मी खूश झालो. मग प्रत्यक्ष कामाला आलो. काकांनी वीज बंद झाल्याचा कागद नीट वाचला, स्विचला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि थेट शिडी चढायला लागले.

मी इतक्या जोरात ओरडलो की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

"साहेब, तार तं मेली हाये," ते शिडीवरूनच म्हणाले. मी नुसतं शेजारच्या रुळाकडे बोट दाखवलं. काका खाली उतरले. दोन्ही दांड्या जागच्या जागी भिंतीला टेकून उभ्या होत्या.

महिन्याभरानं दुसरी परीक्षा झाली. या वेळी त्यांनी एक दांडी लावली. दुसरी विसरले.

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. "सही करून टाका ना साहेब. मी ध्यान ठेवीन. घरची मानसं थकली आता, बायकोजवळ कोनी नाई."

मला त्यांची दया आली. खोटं कशाला सांगू, पेन हातात घेतलंही होतं. मग मनात आलं की या सहीवर हा माणूस घरी राहील, आणि या सहीवरच एक दिवस जाईल. मी पेन ठेवलं आणि गरजेपेक्षा जास्त कडक आवाजात म्हणालो, "काका, शेवटची संधी तीन आठवड्यांनी." शेडमधल्यांनी दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलून निषेध नोंदवला. काकांनी आठ दिवसांची रजा टाकली.

त्याच आठवड्यात रविवारी मला पुलगावला एका लग्नाला जायचं होतं. नाचणगाव तिथून लागूनच. जेवण झाल्यावर पाय आपोआप तिकडे वळले असं म्हणणार होतो, पण खरं म्हणजे मन खात होतं म्हणून गेलो.

अंगणात एका कोपऱ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग होता. कडुलिंबापासून समोरच्या खांबापर्यंत कपडे वाळवायची तार. ओसरीत खाट, खाटेवर उशांना टेकून बसलेली काकांची बायको. खाली धुण्याची बादली, आणि काकांच्या हातात एक बांबू, त्याच्या टोकाला तारेचा आकडा, बुडाशी जुन्या वायरचा तुकडा. त्यांनी वायर आधी जमिनीत ठोकलेल्या खुंटीला बांधली. मग आकडा कपड्यांच्या तारेला अडकवला. मग दुसरा बांबू घेऊन तारेच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि तेच केलं. मग बादलीजवळ येऊन एक पिळलेलं लुगडं उचललं आणि उभे राहिले.

खाटेवरून एकेक अक्षर ओढत आवाज आला. "अवो... दांडी... लावली काय?"

"लावली."

"दोनी?"

"दोनी."

तेव्हा कुठे लुगडं तारेवर पडलं. मी पुढे होणार, तोच काकांनी दोन्ही बांबू काढले, भिंतीला टेकवले, आणि पुढच्या कपड्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बादलीत दहा-बारा कपडे तरी असतील.

मला बघून ते ओशाळले. "या ना साहेब. हाताले शिकवून राह्यलो. डोक्याले तं कवाचंच येते, हाताले येत नाई." मग म्हणाले, शेजाऱ्यानं वीज कंपनीच्या लाइनमनला निरोप धाडला होता की हा बुढा आकडे टाकून वीज चोरून राह्यला. लाइनमन आला, धोतर वाळत घातलेली तार वरून खालून बघितली, चहा पिऊन गेला.

ओसरीतून त्या बाईनं काहीतरी विचारलं. मला समजलं नाही. काका म्हणाले, "हव, हेच ते. नापास करनारे."

आल्या पावली परत निघावं की काय, असं मला झालं. ती माझ्याकडे बघत होती. अर्धा चेहरा हलत नव्हता, त्यामुळे राग आहे की काय ते कळेना. मग डावा हात थोडा उचलून ती म्हणाली, "बरं... केलं."

आणि नवऱ्याकडे वळून, "चा मांडा."

एवढ्या वर्षांत माझ्या कामाबद्दल वरिष्ठांनी बरंच काही लिहिलं असेल. माझ्या लक्षात राहिलेले शब्द हे दोनच.

तिसऱ्या परीक्षेला निम्मी शेड काम असल्याचा आव आणून आजूबाजूला जमली होती. काकांनी कागद वाचला. कुलूप घातलं, किल्ली खिशात ठेवली. पहिली दांडी लावली, आधी रुळाला, मग तारेला. पलीकडे जाऊन दुसरी लावली. शिडीपाशी आले आणि थांबले. मला वाटलं, आता काय राहिलं? सगळं झालं होतं. तरी ते चढेनात. मान तिरपी केलेली. मग ओठ हलले. "लावली," आणि जरा थांबून, "दोनी." मग ते चढले.

मी तिथेच, एका फिटरच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. काकांनी दाखला घडी करून खिशात ठेवला आणि बाजूला जाऊन फोन लावला. "पास झालो," ते मोठ्यानं सांगत होते. "हव. हव. दोनी लावल्या ना!"

त्यानंतर चार वर्षं ते आमच्याकडे होते. संध्याकाळी पुलगावकडच्या गाडीनं घरी जायचे. कितीही सांगितलं तरी त्या गाडीनंतरचा ओव्हरटाइम त्यांनी घेतला नाही. छतावर चढताना तो एक शब्द कधी चुकला नाही. हळूहळू दुसरे एक-दोघंही पुटपुटायला लागले. मी तेही ऐकून न ऐकल्यासारखं केलं. निवृत्तीच्या महिन्यात नवी गाडी आली, तिच्या मोटारीही एसीच्या. काकांनी वाकून खाली बघितलं. "यायच्यातबी आमचा करंट नाई? मंग मी बरोबर टायमाले चाललो."

वर्षभरानं त्यांची बायको गेली. मला उशिरा कळलं. मी एका सकाळी नाचणगावला गेलो.

ओसरीतली खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. अंगणात काका पाठमोरे उभे होते, शेजारी बादली. दोन्ही बांबू तारेला लावलेले, वायरी खुंट्यांना बांधलेल्या. त्यांच्या हातात त्यांचा खांद्यावर घ्यायचा दुपट्टा होता, ओला. ते तो टाकत नव्हते. दुपट्ट्यातून पाणी ठिबकत होतं आणि पायाशी मातीत ओल पसरत होती. मी फाटकाशी थांबलो. मला वाटलं, टाकतील आता. मान तिरपी होती. शेडमध्ये असे उभे राहत, तेव्हा त्यांना आतून कोण विचारत असे ते मला माहीत होतं. आता ओसरीतून तसं विचारणारं कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं. जे सुचलं ते एवढंच.

"काका," मी म्हणालो, "दांडी लावली काय?"

ते वळले नाहीत. पण पाठ जराशी हलली.

"लावली."

"दोन्ही?"

"दोनी, साहेब," ते म्हणाले, आणि त्यांनी दुपट्टा तारेवर टाकला.