मॅडमचे चार आकडे

आमची संस्था दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटच्या नातेवाइकांना दुपारचं जेवण फुकट देते. मी तिथे पोळ्या करते. मागच्या वर्षी संस्था चालवणाऱ्या ताईंनी देणग्या घ्यायला कार्डाची मशीन आणली आणि ती माझ्याच हातात दिली. मी घाबरले. माझं शिक्षण चौथीपर्यंत, आणि चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. ताई म्हणाल्या, "म्हणूनच तुले देऊन राहिली वं. तू बडबड करत नाही आन् आकडा चुकवत नाही."

मशीन मला मानवली. बोलावं लागत नाही. रक्कम टाकायची, कार्ड खोचायचं, मशीन समोरच्याकडे वळवायची आणि आपण तोंड फिरवायचं. शिकवायला आलेल्या मुलीनं दोन गोष्टी बजावल्या होत्या. कुणाचा पिन बघायचा नाही. आणि तीनदा चुकला की कार्ड बंद पडतं, म्हणून दोनदा चुकल्यावर माणसाला थांबवायचं.

हे थांबवायचं काम मी फक्त एका वेळी टाळलं.

सक्करदऱ्याच्या एका मॅडमकडे मी सहा वर्षं स्वयंपाक केला. एक दिवस त्यांचा चांदीचा करंडा सापडेना. मी घरी निघाले तर त्यांनी मला खाली फाटकापाशी अडवलं. माझी पिशवी चौकीदाराच्या खुर्चीवर उलटी केली. डबासुद्धा उघडायला लावला. आत उरलेली वांग्याची भाजी होती, ती त्यांनी चमच्यानं ढवळून पाहिली. वरच्या गॅलऱ्यांमधून बाया बघत होत्या. काही मिळालं नाही तरी मॅडम म्हणाल्या, "चोर लोक हुशार असतात. आधीच पोचवला असेल." त्या बिल्डिंगमधली माझी आणखी दोन घरं त्याच आठवड्यात सुटली. पुढे दोन महिन्यांनी चौकीदाराच्या बायकोनं सांगितलं की करंडा त्यांच्याच पैठणीच्या घडीत निघाला. मला कुणी बोलावून सांगितलं नाही. मी तो भाग सोडून दूर वाडीला खोली घेतली, संस्थेत लागले, आणि रोज पोळ्या लाटताना त्या बाईचं वाईट चिंतत राहिले. देवाला ते आवडलं नसेल, पण मी थांबले नाही.

त्या मॅडम एका रविवारी आमच्या अंगणात आल्या. जो एका दिवसाचं जेवण देतो त्याचं नाव आम्ही दारातल्या फळ्यावर खडूनं लिहितो. त्यांना नातवाच्या वाढदिवसाला ते नाव हवं होतं. सोबत दोन मैत्रिणी होत्या, फोटो काढायला. मागे जेवणाची रांग लागलेली. मॅडमनी मला ओळखलं नाही. सहा वर्षं माझ्या हातचं खाल्लं, पण तोंड कधी पाहिलं असेल तर ना.

"अकरा हजार टाक," म्हणून त्यांनी कार्ड माझ्या हातात दिलं. मी मशीन त्यांच्याकडे वळवली. त्या पर्समध्ये चाचपडत म्हणाल्या, "चष्मा राहिला गं. तूच दाब." आणि टेबलावर वाकून पिनचे चारही आकडे सांगून मोकळ्या झाल्या.

मी पदर सारखा केला आणि म्हणाले, "मॅडम, मी नाही दाबत."

"का? मी देते आहे ना?"

"तुम्ही मले चोर म्हणलं होतं. फाटकापाशी. माझा डबा ढवळला होता. करंडा पैठणीत भेटला, हे मले समजलं. आता चोराच्या हातात कार्ड देऊन आकडे काहून सांगता?"

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्याला विचारलं, "काय म्हणून राहिली गा ते?" दुसरा म्हणाला, "चूप, आयक ना!" मैत्रिणीच्या हातातला फोन खाली आला.

मॅडम लाल झाल्या. "काहीतरीच बोलू नकोस," म्हणत त्यांनी स्वतःच बटणं दाबली. मी नियमाप्रमाणे तोंड फिरवलं. मशीननं चूक दाखवली. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा चूक. चष्म्याशिवाय त्या भलतीच बटणं दाबत होत्या, हे मी न बघताही सांगू शकत होते. इथे मी थांबवायला हवं होतं. मी रांगेकडे बघत राहिले. तिसऱ्यांदा मशीन वाजली आणि चिठ्ठी बाहेर आली. ती फाडून मी दोन्ही हातांनी त्यांना दिली.

"कार्ड बंद पडलं, मॅडम."

त्या कार्ड उचलून निघून गेल्या. फळा कोराच राहिला. ताई संध्याकाळी रागावल्या, "अकरा हजार गेले नं वं!" ते खरं होतं, आणि त्यात एका दिवसाचं जेवण होतं. मी चूक कबूल केली. पण वाईट वाटलं असं खोटं इथे लिहिणार नाही.

ते चार आकडे मला पाठ आहेत. हे सगळं ज्यात लिहिलं त्या वहीतही मी ते उतरवलेले नाहीत. त्यांनी ते बदलले असतील की नाही, मला ठाऊक नाही. पण ज्या बाईला चोर म्हटलं तिला ते माहीत आहेत, एवढं त्यांना ठाऊक आहे. पर्स उघडताना दर वेळी त्यांना हे आठवो.