तिथीची पाऊणपट आणि झोपेचं तेल

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. रसायनशास्त्रात बी.एस्सी., शेवटच्या वर्षाला. त्यामुळे इंग्रजी अक्षर असलेली कुठलीही वस्तू आधी माझ्यापुढे येते. मला त्याचा अभिमान आहे, उगाच नाही कशाला म्हणू? धाकट्या भावाने मागवलेली ती चिमुकली बाटलीही तशीच आली.

"ताय, वाच जरा. बाबाला झोप लागंल का यानं?"

भाऊ बंदरात ट्रेलर चालवतो. तिथल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की गांजाच्या झाडातून काढलेल्या सीबीडीने गाढ झोप येते, नशा येत नाही. फोनवर कुणा डॉक्टरने दोन मिनिटं बोलून चिठ्ठी दिली आणि तेल घरपोच आलं.

वडिलांची झोप हा आमच्या घराचा घोरच झाला होता. मिठागर बंद झाल्यापासून ते बऱ्याच रात्री मध्येच उठत, मग सकाळपर्यंत टक्क जागे. दिवसा खुर्चीत पेंगत. त्यांच्या हृदयाची झडप बदललेली, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. झोप न झाल्याने एकदा तर ते मोरीत तोल जाऊन पडता पडता वाचले होते.

"मी वाचते, मग घे," मी बाबांना म्हटलं.

"तू वाच. मी तवर घेतो," ते बोलले. "झोप कशी लागते ती लिवून ठेवतो, तुझ्या परीक्षेला कामास येईल." आणि माझ्या भाच्याची अर्धी कोरी वही त्यांनी घेतली.

मी आठवडाभर कॉलेजच्या ग्रंथालयातल्या संगणकावर वाचत बसले. आधी मला वाटलं होतं, एवढं जग हे तेल पितंय म्हणजे उत्तर तयारच असणार. पण उत्तर असं की फारसं ठाऊक नाही. फिट्सच्या काही आजारांत हे औषध खरंच उपयोगी ठरलंय. झोपेवरचे अभ्यास मात्र मोजके, माणसं थोडी, दिवस कमी, मात्रा प्रत्येकाची वेगळी. काहींत झोप सुधारली, पण ज्यांना नुसतं साधं तेल दिलं त्यांचीही सुधारली. मी थक्क झाले. एवढी शिकलेली माणसं शेवटी सरळ लिहितात, आम्हाला अजून नक्की सांगता येत नाही! आमच्या गावात असं म्हणायची हिंमत कुणाची नाही, माझी तर नाहीच.

घरी मात्र निकाल लागला होता. "आठ दिवस झाले, सकालपर्यंत आडवा," वडील सांगत सुटले. भाऊ माझ्याकडे बघून हसला. "बघ बी.एस्सी., तू वाचतच राहा."

मग तेल चालेनासं झालं. वडील पुन्हा जागे. भावाने थेंब दुप्पट केले. तीन दिवसांनी दात घासताना वडिलांच्या हिरड्यांतून रक्त आलं. आधी मी फक्त 'झोप येते का' एवढंच शोधत होते. दुसऱ्या औषधांबरोबर काय होतं, तो भाग शेवटाला होता म्हणून राहिला होता. तो आता उघडला. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा जोर हे तेल वाढवू शकतं, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

त्याच सकाळी आम्ही वडिलांच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो. रक्त तपासायला दिलं आणि बाकावर बसलो. हातांना काहीतरी हवं म्हणून मी बरोबर आणलेली बाबांची ती वही उघडली.

वडिलांनी तारखा घातल्याच नव्हत्या. मिठागरात कुणी तारखेवर चालत नाही. अष्टमी, चांगली. नवमी, चांगली. चतुर्दशीपर्यंत चांगली. पौर्णिमा, सव्वाअकराला उठलो. प्रतिपदा, पाऊण. द्वितीया, दीड. तृतीया, सव्वादोन.

मी पुन्हा वाचलं. हे आकडे माझ्या ओळखीचे होते.

आमच्याकडे पाढ्यांच्या आधी पोरांना हा हिशेब येतो. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. द्वितीयेची पाऊणपट दीड. वडिलांचं मिठागरातलं काम उघाडीवर, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायच्या बांधातल्या फळ्यांवर. भरती पूर्ण झाली की फळ्या टाकून आत आलेलं पाणी अडवायचं, मग दिवस असो की रात्र. तीस वर्षं. आता उघाडी नाही, घर खाडीपासून लांब, पाण्याचा आवाजही येत नाही. तरी ते शरीर भरतीला उठत होतं. अष्टमी ते चतुर्दशी भरती निजायच्या आधी येते आणि पुढची उजाडताना किंवा त्यानंतर, म्हणून झोप सलग. आणि तेल नेमकं अष्टमीला सुरू झालं होतं.

"बाबा, तू भरतीला उठतोस."

त्यांनी वही घेतली, बोट फिरवलं. "मना कोन सांगतं गो उठायला?" ते हळूच बोलले.

रक्त हवं त्याहून पातळ निघालं. डॉक्टरांनी तेल त्या क्षणापासून बंद केलं आणि भावाला चांगलंच झापलं. मग त्यांनी वही मागितली, पाऊणपटीचा हिशेब माझ्याकडून दोनदा समजून घेतला. "तेलाचा गुण होता की नव्हता, हे यावरून ठरत नाही," ते म्हणाले. "पण असं मी कधी पाहिलं नव्हतं." वहीचा फोटो काढू का, असं त्यांनी वडिलांना विचारलं.

"काढा. नाव नका टाकू. लोक बोलतील, याला झोप पन येत नाय."

औषध नवीन काही मिळालं नाही. दुपारी पेंगायचं नाही, रोज एकाच वेळी उठायचं, जाग आली तर बिछान्यात तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं आणि डोळे जड झाले की परत आडवं व्हायचं. वडिलांना ते पटलं. "मंजी उघाडीवर जाऊन आल्यासारखं," ते बोलले.

रक्त दोन आठवड्यांत जागेवर आलं. वडील अजून उठतात, ओट्यावर बसतात, कधी अर्ध्या तासात परत झोपतात, कधी नाही. काल तृतीया होती. आज सकाळी मी चटणीसाठी मिक्सरचं बटण दाबणार, एवढ्यात आईने माझा हात धरला.

"थांब गो," ती बोलली. "अजून निजलाय."

मी पाटा काढला.