गोविंदकाकांची बादली

गोविंदकाका आज सकाळी गेले. मला रडू येत नाहीये, नुसता थकवा आलाय.

मोंतान्य ब्लांशला त्यांच्या घरी जाऊन आत्ताच रोझ हिलला परतले. पाय सुजलेत. तरी लिहिते, उद्या बळ राहील की नाही कोण जाणे.

माझ्या मुलाच्या ऑफिसात 'लीन'चं, म्हणजे फालतू साठा न करता काम करण्याचं, ट्रेनिंग असतं. एसी हॉल, बिस्किटं, शेवटी सर्टिफिकेट आणि ग्रुप फोटो.

आमचं ट्रेनिंग ऐंशीच्या दशकात झालं. इथं मॉरिशसमध्येच, कपड्यांच्या एक्स्पोर्ट फॅक्टरीत, तापलेल्या पत्र्याच्या गोदामात. शिकवायला गोविंदकाका. कंपनीनं त्यांना परदेशात कोर्सला पाठवलं होतं.

'लीन' हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. काका म्हणायचे, "फालतू काय ते काढा, नि एकमेकांला हात द्या."

गोदामाचे मॅनेजर आम्ही तिघं. कापड माझ्याकडे, दोरे-बटणं रशीदकडे, आणि तयार माल बोटीवर पाठवायचं काम ज्याँ-क्लोदकडे.

तिघंही एक नंबरचे साठेबाज!

कारण फॅक्टरीत कुजबुज होती, तिघांतला एक जाणार. ज्याचं शेल्फ भरलेलं त्याची नोकरी पक्की, असं आमचं गणित. बाबा उसात कंबर मोडून घरी बसले होते, धाकटी भावंडं शाळेत. माझ्या पगारावर चूल पेटायची.

मग मी कशाला कुणाला हात देऊ?

माल कुणाकडून कुणाकडे जावा ते दाखवायला काका फळ्यावर बाण काढायचे. आम्ही माना डोलवायचो आणि आपापल्या कुलपाची किल्ली चाचपायचो. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी वैतागून म्हणाले, "रविवारी पुतण्याचं लगीन हाय. तिघं या. जेवायला नाय, वाढायला."

मॉरिशसबाहेरच्या मित्रांसाठी सांगते. आमच्या लग्नात केळीच्या पानावर सात कारी वाढतात, म्हणजे सात भाज्या. वाढपी पंगतीतून एकामागून एक चालतात, प्रत्येकाच्या हातात एका भाजीची बादली. ती रिकामी झाली की त्यानं चुलीकडे पळायचं नसतं. मागून दुसरा भरलेली घेऊन येतो, रिकामी घेऊन जातो. पंगत थांबत नाही.

"मागं वळून बघायचा नाय," काकांनी बजावलं. "मागं माणूस असतोच."

ज्याँ-क्लोदचा विश्वास बसला नाही. त्यानं भोपळ्याच्या दोन भरलेल्या बादल्या मांडवामागे लपवल्या. कमी पडलं तर हाताशी असावं म्हणून.

झालं. शेवटच्या पंगतीला चुलीपाशी भोपळाच नाही, आणि मांडवामागे दोन बादल्या गार होतायत.

पानावर सहा कारी आणि एक मोकळी जागा.

काकांची म्हातारी आत्या त्या जागेवर बोट ठेवून ओरडली, "आरं, सातवी कुठं हाय?"

सगळा मांडव आमच्याकडे बघायला लागला. नवरीकडचे पाहुणेसुद्धा. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

काकांनी बादल्या शोधून आणल्या. आत्याच्या पानावर स्वतः भोपळा वाढला. मग ज्याँ-क्लोदच्या खांद्यावर हात ठेवून क्रेओलमध्ये एवढंच म्हणाले, "आयो, मो गार्सों, माझ्या पोरा. तू साठवलंस, आणि म्हातारी खोळंबली."

त्या आठवड्यात गोदामातली कुलपं निघाली. एकाचा माल आला की तिघं उतरवायला. मला तर पहिल्यांदाच कामावर जावंसं वाटायला लागलं.

पण रशीदनं एक दिवस काकांना विचारलंच; तो त्यांना क्रेओलमध्ये 'टोंटों' म्हणायचा. "टोंटों, इतकं छान चालतंय म्हणजे दोघांतही चालेल. मग तिसऱ्याचं काय?"

काकांनी हातातला खडू खाली ठेवला. "बघू," म्हणाले.

पुढच्या सोमवारी त्यांची खुर्ची रिकामी होती.

आम्ही तिघं डायरेक्टरकडे गेलो. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. "मला एक माणूस कमी करायचा होता. मी गोविंदकडे नाव मागितलं. त्यानं स्वतःचं दिलं."

तसेच मोंतान्य ब्लांशला गेलो. काका परसात घेवड्याचे वेल बांधत होते.

"काका, असं का केलंत?"

"अगो, शिकवून झालं ना? मग मास्तर फालतू." आणि हसले.

घरात काकी भांडी आपटत होत्या. त्यांचीही पोरं शाळेत होती. त्या बाहेर आल्या नाहीत, आम्हाला चहा विचारला नाही. त्यांचं काही चुकलं नाही.

काकांना ऑफिसची नोकरी पुन्हा मिळाली नाही. म्हातारपणापर्यंत भाजीच्या टोपल्या बाजारात नेल्या.

माझी भावंडं शिकली. माझं घर झालं.

या दोन गोष्टींच्या मधे मी आयुष्यभर अवघडून बसले आहे.

आज त्यांच्या अंगणात आम्ही तिघं पुन्हा एकत्र. रशीद काठी टेकत खुर्च्या लावत होता. ज्याँ-क्लोदला आता नीट ऐकू येत नाही, तो चहाची किटली घेऊन माणसांमधून फिरत होता. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

त्याची किटली संपत आली तशी मी भरलेली घेऊन मागे जाऊन उभी राहिले. त्यानं वळून न बघता रिकामी मागे केली.

काकी बघत होत्या. आम्ही निघालो तेव्हा त्यांनी आम्हाला बसवलं. शेजारणीनं केलेल्या चहाचे तीन कप स्वतः घेऊन आल्या.

"त्या दिशी विचारला नव्हता," म्हणाल्या. "प्या."

आम्ही तिघांनी कप रिकामे केले.

काका, तुमची बादली रिकामी झाली तेव्हा मागे कुणीच नव्हतं. फार उशिरा आलोय आम्ही.

नमस्कार करते. बादली खाली ठेवा आता.

मागं माणूस हाय.