शो संपल्यावर माझ्या हातात कुणाचा हात होता?

मैत्रिणींनो, आत्ताच घरी पोहोचलोय आणि लगेच हे लिहितेय.

गर्दी नको म्हणून मुद्दाम मंगळवारी वॉटर पार्कला गेलो. मोठ्या राइड सकाळीच उरकल्या, रांगा लागायच्या आत जेवलो, रात्रीच्या कारंज्याच्या शोसाठी तासभर आधी जागा धरली. सगळं ठरवल्यासारखं झालं.

शो संपला आणि दिवे लागायच्या आधीच लोक उठले. अंधारात मी माझ्या पाच वर्षांच्या लेकीचा, आरोहीचा हात घट्ट धरून गेटकडे निघाले. वाटेत बोलत होते. ती "हं, हं" म्हणत होती.

गेटच्या उजेडात खाली पाहिलं. ती आरोही नव्हती. दुसरीच मुलगी शांतपणे माझ्याकडे बघत होती.

तिला घेऊन ओरडतच मागे धावले. खुर्च्यांपाशी एक बाई रडत उभी होती आणि तिच्या हातात आरोहीचा हात होता.

गाडीत विचारलं, "मला हाक का नाही मारलीस गं?"

"मला वाटलं तूच आहेस, मम्मी. ती काकूपण मला आरोहीच म्हणत होती."

त्या मुलीचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

खरं सांगा, अंधारात नुसत्या हातावरून तुम्ही तुमचं मूल ओळखाल?