मामंजींचं न चुकणारं गणित

आमच्या मामंजींसमोर ‘नशीब’ म्हणायची सोय नव्हती. दूध नासलं आणि मी सवयीनं ‘माझं नशीब’ म्हटलं, की चष्मा कपाळावर चढवून सुरू व्हायचे. “नशीबबिशीब काय नाय पोरी. आत्ता जे हाय त्याला नियम लावायचा, पुढचं निघतं. त्याला परत नियम, परत पुढचं. हे अख्खं विश्व म्हणजे चालू गणित हाय, अन् ते चुकत नाय.” दूध मात्र परत मलाच आणावं लागायचं.

मामंजी म्हणजे माझे सासरे. गंगापूरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि सासूबाई गेल्यावर पुंडलिकनगरला आमच्याकडे राहायला आले. ह्यांचा जुना कॉम्प्युटर हाती लागला आणि म्हातारपणी त्यांना साक्षात्कारच झाला. साध्या नियमांतून केवढं निघतं, हे बघून ते येड्यासारखे खूश व्हायचे. मी बिडकीनकडच्या कंपनीतून शिणून यायचे, पायातली चप्पलही निघालेली नसायची आणि मामंजी दारातच ग्रह-तारे उलगडायचे. हात जोडावेसे वाटायचे हो! “नळाला पाणी कधी येणार, तेवढं सांगा,” असं मी एकदा चिडून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “ते अजून विश्वालाबी माहीत नाय. तिथवर गणित पोचलंच नाय.”

त्यांचं हे म्हणणं लई ठाम होतं. नियम ठरलेला असला तरी उत्तर आधी कुठं लिहून ठेवलेलं नसतं. एकेक पायरी करत जायचं, तेव्हाच कळतं. जवळचा रस्ता नाही, देवालासुद्धा नाही. मला ते पटायचं नाही, कारण मला एकच उत्तर हवं होतं आणि ते लवकर हवं होतं. मला मूल होईल का? लग्नाला वर्षं उलटत चालली होती. दवाखान्याच्या बाकड्यावर बसून बसून जीव नकोसा झाला होता.

एकदा त्यांनी ते गणित रांगोळीनं दारात मांडलं. वर एकच ठिपका. खालच्या ओळीत, वरच्या तीन जागा बघून, नियमात बसेल तिथं ठिपका द्यायचा, नाही तिथं रिकामं सोडायचं. असं करत करत ते वाकून वाकून फाटकापर्यंत गेले. वेडीवाकडी पांढरी नक्षी तयार झाली. नेमकी अमावस्या होती. शेजारच्या काकूंना वाटलं करणी केलीय. त्यांनी आपल्या उंबऱ्यावर लिंबू ठेवलं आणि दिवसभर मागच्या दारानं ये-जा केली.

त्याच सकाळी गंगापूरहून जीपनं ह्यांच्या आत्याबाई आल्या, म्हणजे मामंजींच्या बहीण. त्यांना वाटलं, भावाला अखेर अक्कल आली, नातवासाठी विधी मांडला. चपला काढून त्यांनी त्या गणिताला हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला. मामंजी असे भडकले! तिथंच उभं करून त्यांना सगळा नियम समजावला. आत्याबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं, “व्हय रे दादा, पण पोरीची कूस कधी उजवंल?”

“करून बघितल्याबिगर नाय कळत.”

“मंग तुझ्या विश्वापरीस आमचे गुरुजी बरे. पत्रिका बघून लगीच सांगत्यात.”

मी हसले. खरं तर मला गुरुजींकडे जायचं होतं. कुणीतरी ‘होईल’ म्हणावं, एवढंच हवं होतं. मामंजी तेवढंही म्हणायचे नाहीत. खोटा आधार द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. मला त्याचा राग यायचा.

शेवटचा उपचारही फसला, तो दिवस आठवतो. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, आता पुढं प्रयत्न नकोत, शरीर साथ देणार नाही. हे कामाला गेले होते. मामंजींना तेव्हा हृदयाचं दुखणं लागलं होतं, भिंत धरून चालायचे. मी ओट्याला टेकून खालीच बसले. ते आले, धापा टाकत समोर फरशीवर बसले. माझा तोल सुटला. “कोणत्या नियमात बसतं हो हे? मी काय कमी केलं? सांगा ना! तुमचं गणित चुकत नाही ना?”

मला वाटलं, आता समजावतील. त्यांनी चष्मा काढून फरशीवर ठेवला. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “चुकलं पोरी. हितं चुकलं त्याचं.”

त्यांना तसं वाटत नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजी गेले. दहाव्याला आलेल्या बायका मलाच जवळ घेऊन म्हणाल्या, धीर धर, यातही काहीतरी चांगलंच असेल. अजूनही म्हणतात. मी मान हलवते, चहा टाकते. धीर धरून धरून मी कंटाळले आहे. माझ्यासाठी अख्ख्या विश्वाला चूक ठरवणारा माणूस गेला, आणि मागे सगळे समजावणारेच उरलेत.