उंचीची गाठ

आमच्या चंद्रपुरात फिशटँकचं माप सुतळीवर येतं. टाकी ठेवायची जागा मोजून दोन गाठी बांधायच्या, एक लांबीची, एक रुंदीची, आणि सुतळी खुर्शीदभाईंच्या काचेच्या दुकानात नेऊन द्यायची. ७ फेब्रुवारीला मीही तशीच गेले. माझी नात संघप्रिया हिने नागपूरहून परदेशी हिरवा बेडूक आणला होता. बेडूक पाळण्याची तिची ही पहिलीच वेळ.

सुतळी खुर्शीदभाईंच्या मुलीने घेतली. शाजिया बावीस वर्षांची. चार वर्षं ती दुकानात जोडकाम करत होती, पण माप ठरवणं आणि काच कापणं वडिलांकडेच.

"बाई, उंचीची गाठ कुठी हाय?"

"ती कोण बांधतं?"

"फूटभर पुरते," खुर्शीदभाई म्हणाले. "मेंढक का झाडावर चढते?"

"हा चढत असन, अब्बा. मले पाहून येऊ द्या."

संध्याकाळी ती आमच्या घरी आली. बेडूक प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटला होता. तिने काही वेळ पाहिलं, मग बाहेरून शेजारी आपली मूठ धरली. तेवढाच होता.

"दीड फूट लांब, दीड रुंद, दोन फूट उंच," ती म्हणाली. "वर जाळी. पहिल्यांदा पाळून राह्यले तर लहान डबा नको, बाई. उन्हाळ्यात लवकर तापते."

दुकानात खुर्शीदभाईंना हे माप पटलं नाही. "बनव. पण मेंढक मेला तर पुन्हा कोनाले माप सांगू नको."

काच तिनेच कापली. मी स्टुलावर बसून पाहत होते. एकच रेघ ओढली आणि तुकडा सरळ सुटला. खुर्शीदभाईंनी कडेवरून अंगठा फिरवला.

मे महिनाभर मी रोज दुपारी तपमान लिहिलं. २१ मे: बाहेर सेहेचाळीस. कूलरच्या खोलीत, टाकीत वर एकतीस, खाली ओल्या शेवाळात सत्तावीस. बेडूक फांदीवरून उतरून शेवाळात बसला होता, ऊन कलल्यावर पुन्हा वर गेला. शाजियाचा रोज फोन यायचा.

"बाई, हाय ना?"

"आहे. आज दोन झुरळं खाल्ली."

१ जूनला मी डायरीच दुकानात नेली. खुर्शीदभाईंनी चष्मा लावून सगळा मे वाचला.

परवा खिडकीची काच आणायला गेले, तर माजरी गावचे एक गृहस्थ दोन गाठींची सुतळी घेऊन उभे होते. खुर्शीदभाईंनी ती हातातही घेतली नाही.

"गाठी राहू द्या, भाऊ. काय पाळता ते शाजियाले सांगा. माप ती देते."

शाजिया काच कापत होती. तिने रेघ पुरी केली, मगच मान वर केली.