झोप्याचं वळण

माझे सासरे मला भेटले त्याच्या कितीतरी आधीपासून मी त्यांच्या नावापाशी रोज दोनदा ब्रेक लावत होतो. मी बसचा ड्रायव्हर. आमचा राज्यमार्ग बंदरापासून निघतो आणि तीन जिल्हे ओलांडून थेट खाणींपर्यंत जातो. हा रस्ता कुणी शहाण्यानं कागदावर बसून एका झटक्यात आखला असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. मुळात हे चार वेगळे रस्ते, आणि चौघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नव्हतं. बंदराजवळचा तो मिठाचा रस्ता, कारण मिठाच्या गाड्या तिथून जायच्या. पुढचा गिरणीचा रस्ता. गिरणी बंद पडली, नाव चालू राहिलं. त्यापुढे डोंगराच्या पायथ्यानं जाणारी गाडीवाट, तिला बिचारीला नावच नव्हतं. आणि शेवटी खाणवाल्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला काळा रस्ता.

सरकारनं हे चार तुकडे जोडले आणि सगळ्याला मिळून एक नंबर दिला. जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या तेव्हा नंबर बदलला. मग राजधानीतल्या कुठल्याशा साहेबाच्या मनात आलं आणि तो पुन्हा बदलला. दर वेळी कडेचे दगड नव्यानं रंगवायचे, त्यात कंत्राटदाराचं भलं झालं. प्रवाशांनी मात्र एकही नंबर कधी तोंडात घेतला नाही. रस्त्याला नाव देणं सरकारचं काम, नावं ठेवणं आमचं.

थांब्यांची नावं कंडक्टरांनी पाडलेली. ‘तुटकी टाकी’ म्हणून थांबा आहे, तिथे टाकी नाही. ‘मास्तरीणबाई’ म्हणून आहे. तिथे एक मास्तरीणबाई रोज उतरायच्या, त्या रिटायर होऊन वारल्यासुद्धा, पण कंडक्टर अजून ओरडतो, ‘चला, मास्तरीणबाई कोण आहे?’ आणि पाच-सहा पुरुष बिनदिक्कत उतरतात. त्याच्यापुढे दोन फाटे, आणि मग झोप्याचं वळण.

ते वळण बघितलं की नवा माणूस हमखास विचारतो. रस्ता दोन फाट्यांपासून नाकासमोर वरच्या गावाकडे निघालेला असतो. आता गावात शिरणार असं वाटतं आणि तेवढ्यात तो अंग चोरून बाजूला वळतो, खालच्या शेतांना लांबलचक वळसा घालतो आणि पुन्हा सरळ होतो. वरचं गाव राहिलं वरच. शाळेची पोरं, बाजारची ओझी, आजारी माणसं, सगळ्यांनी पायवाटेनं खाली उतरायचं आणि वळणावर बसची वाट बघत उभं राहायचं. असं का झालं, तर आखणीच्या वेळी साहेबानं खुंट्या ठोकल्या होत्या. त्या लोक उपटून नेऊ नयेत, आपल्या शेतातून बाहेर सरकवू नयेत म्हणून राखणदार ठेवला होता. तो झोपला. कुणीतरी खुंट्या हलवल्या. सकाळी यंत्र आलं आणि खुंट्या दिसतील तसं कापत सुटलं. साहेब रजेवरून परतला तोवर एवढी माती निघाली होती की त्यानं कपाळावर हात मारला आणि रस्त्याऐवजी नकाशा बदलला. राखणदाराची नोकरी गेली. त्याचं नाव वळणाला चिकटलं.

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मी मध्यस्थाला विचारलं, मुलीचे वडील काय करतात? तो म्हणाला, ‘भिंतींना चुना लावतात,’ आणि फिस्सकन हसला. मग म्हणाला, ‘तुझ्या रस्त्यावरचेच आहेत. रोज थांबतोस की त्यांच्यापाशी.’

आणि ज्यांना सगळा मुलूख झोप्या म्हणतो ते सासरे पाहिले तर काय, हा माणूस दिवसा पाठ टेकत नव्हता. तापानं फणफणले तरी भिंतीला न टेकता ताठ बसून राहायचे. कुणाच्या घरी गेले आणि कुणी गमतीनं उशी पुढे केली, की तेही हसायचे आणि उशी हळूच बाजूला सरकवायचे. वरच्या गावात पोरगं शाळेत उशिरा पोचलं तरी खापर यांच्या डोक्यावर. एका बाईचा आजारी नवरा खाली आणता आणता वाटेतच गेला होता. ती समोरून आली की हे वाट सोडून काट्यात उभे राहायचे. आजारी माणसाची खाट खाली उतरवायची असली की पहिला खांदा यांचाच असे. लोक खांदा घ्यायचे, नाव मात्र सोडायचे नाहीत.

सासूबाई मोठ्या मायेच्या. मला त्यांनी जावई म्हणून नाही, मुलगा म्हणून वागवलं, हे मी आजही नाकारणार नाही. कुणी सासऱ्यांची टिंगल केली की त्या उठून आत जायच्या. मला वाटायचं, बिचारीला सहन होत नाही.

मागच्या वर्षी रस्ते खात्याला नवीन लहर आली. थांब्यांची आणि वळणांची लोकांच्या तोंडातली नावं पक्की करायची आणि लोखंडी पाट्यांवर लिहायची, दिव्याच्या उजेडात चमकणाऱ्या अक्षरांत. डेपोत यादी लागली, खाली हरकती मागवल्या होत्या आणि त्यांच्या सुनावणीची तारीख दिली होती. वरच्या गावात सासऱ्यांच्या घराला लागूनच माझं बिऱ्हाड; तिथे जाऊन मी गंमत म्हणून सांगितलं. सासरे अंगणात चुन्याची बादली ढवळत होते, त्यांचा हात थांबला.

‘लोखंडी?’

‘हो. मोठी असेल, चांगली माझ्या बसच्या टपाएवढी उंच.’

‘तोंडातलं नाव कधीतरी मरतं, जावईबापू. मी गेलो की दहा-वीस वर्षांत लोक विसरले असते. पाटी कशी विसरणार? तुमची पोरं रोज तिच्याखाली उभी राहून बसची वाट बघणार.’

मग इकडे तिकडे बघून, आवाज खाली आणून ते म्हणाले, ‘मी झोपलो नव्हतो. मी तिथे नव्हतोच.’

त्या संध्याकाळी त्यांचा मेहुणा, म्हणजे माझे मामेसासरे, धावत आले होते. म्हणाले, ‘दाजी, बहिणीच्या पोटात कळा येतायत, तुम्हाला बोलावतेय. तुम्ही जा, मी बसतो खुंट्यांपाशी.’ हे घरी पळाले. बायको पोट धरून कण्हत होती. उजाडेपर्यंत हे तिच्या उशाशी बसून होते. सकाळी कामावर आले तर यंत्र भलतीकडेच चालू.

‘मग साहेबाला सांगितलं का नाही?’ मी जवळजवळ ओरडलोच.

‘काय सांगणार? माझी नोकरी दोन्हीकडून जाणारच होती. खरं सांगितलं असतं तर मेहुण्यालाही उचलून नेलं असतं. दिवसभर राबलेला माणूस, लागला असेल डोळा.’

‘आणि खुंट्या कुणी हलवल्या?’

‘कुणीतरी.’

‘कुणीतरी? रस्ता सरळ गेला असता तर कुणाच्या शेताचे दोन तुकडे झाले असते? आणि आता वळणावर हॉटेल कुणाचं आहे? टायरचं दुकान कुणाचं आहे?’ माझ्या टाळक्यात असा लख्ख उजेड पडला की स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं मी त्याच हॉटेलात चहा पीत होतो.

सासरे बादलीत बघत म्हणाले, ‘जावईबापू, तो तिचा भाऊ आहे. हे तिच्या कानावर जाता कामा नये.’

त्यांना फक्त एवढंच हवं होतं, की मेहुण्यानं सुनावणीत उभं राहून सांगावं, राखणीला मी होतो. मी त्यांना घेऊन हॉटेलात गेलो. मामेसासरे आता मोठं प्रस्थ, गल्ल्यावर गादी टाकून बसलेले. आम्हाला बघून त्यांनी पोऱ्याला हाक मारण्याऐवजी स्वतः उठून चहा आणला. सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं, त्या माणसाला ते जमतं.

‘दाजी, तुमच्यासाठी एवढं नाही करणार? आता आपल्या वयाला कसली भीती? मी सांगतो, डोळा माझा लागला.’

मला तो गोडवा पचला नाही, पण सासऱ्यांना पचला. परतताना ते माझ्याशी इतकं बोलले, जितकं आधी सगळ्या वर्षांत मिळून बोलले नव्हते. नवीन नावही त्यांनी ठरवून टाकलं होतं, ‘वरच्या गावाचं वळण’. म्हणाले, गाव रस्त्यावर नाही तर निदान पाटीवर तरी येऊ दे.

सुनावणी दोन फाट्यांच्या शाळेत होती. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. मी रजा टाकली होती. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सासूबाईंनाही आग्रहानं आणलं होतं. सासूबाई नको म्हणत होत्या, डोकं दुखतंय म्हणत होत्या. सासरे म्हणाले, ‘एक दिवस माझ्यासाठी ये.’ भावानं काय कबूल केलं आहे हे त्यांनी बायकोला वाटेत बसमध्ये सांगितलं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

सुनावणीला आलेला साहेब तरुण होता, बरा होता. त्यानं नाव पुकारलं तसे सासरे उठले आणि माझ्याशी बोलले तेच तिथे बोलले, फक्त हलवलेल्या खुंट्यांबद्दल एक अक्षर काढलं नाही. वरच्या गावची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. ती वाटेत नवरा गमावलेली बाई पुढे सरकून ऐकत होती. मला वाटलं, जिंकले.

साहेबानं मामेसासऱ्यांकडे पाहिलं. ते हात जोडून उभे राहिले.

‘साहेब, दाजी म्हणजे देवमाणूस. त्यांच्याविरुद्ध बोलायचं म्हणजे माझी जीभ रेटत नाही. पण वय झालं. मनात काहीतरी घेऊन बसतात आणि मग ते त्यांना खरंच वाटायला लागतं. मी त्या दिवशी खुंट्यांपाशी फिरकलोही नव्हतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, त्यांच्या घरच्या माणसालाच विचारा.’ आणि ते बहिणीकडे वळले. ‘अगं, तूच सांग साहेबांना. त्या दिवशी तुझ्या पोटात दुखत होतं?’

केसानं गळा कापणं म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. पण सासरे अजिबात घाबरले नव्हते. उलट त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. मेहुणा उलटला तर उलटला, बायको होती ना. कण्हणारी तीच होती आणि पाणी पाजणारे हे. त्यांनी मान हलवून तिला धीर दिला, बोल म्हणून.

सासूबाई उठल्या. भावाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं नाही.

‘नाही,’ त्या म्हणाल्या. ‘मला काही झालं नव्हतं. पोट दुखत नव्हतं.’

मागे कुणीतरी खिदळलं. ‘म्हातारा अजून झोपेतच आहे,’ असंही कुणी म्हणालं आणि शाळाभर हशा पिकला. मी ताडकन उठलो. मला ओरडून सांगायचं होतं की ही बाई खोटं बोलते आहे. तेवढ्यात माझी नजर सासऱ्यांच्या तोंडाकडे गेली आणि मी तसाच खाली बसलो. त्यांना कळलं होतं, ती आज खरं बोलली होती. खोटं ती तेव्हा बोलली होती, पोट धरून, भावाच्या सांगण्यावरून, आणि हे उजाडेपर्यंत तिच्या उशाशी बसले होते.

‘आजोबा,’ साहेब हळू आवाजात म्हणाला, ‘तुम्हाला आणखी काही सांगायचंय?’

सांगण्यासारखं खूप होतं. एका वाक्यात त्यांना स्वतःचं नाव धुता आलं असतं. पण त्यासाठी बायकोला भर शाळेत उघडं पाडावं लागलं असतं.

‘नाही, साहेब. हरकत मागे घेतो.’

मेहुण्यानं पुढे येऊन त्यांचा हात धरायचा प्रयत्न केला. तो सोडवून घेऊन ते बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये ते दोघं पुढच्या बाकावर आणि मी मागे. गाडी माझा एक सोबती चालवत होता. शेजारी शेजारी बसलेल्या त्या दोघांत एक माणूस मावेल एवढी जागा राहिली होती. मला सासूबाईंचा इतका संताप आला होता की त्यांच्या हातचं खाल्लेलं सगळं कडू झालं.

बऱ्याच वेळानं त्याच बोलल्या. ‘दादा म्हणाला होता, फक्त एक संध्याकाळ त्यांना घरी अडकवून ठेव. नाहीतर शेताचे दोन तुकडे होतील, बाबा उभ्या उभ्या मरतील. तुमची नोकरी जाईल असं नव्हता म्हणाला.’

सासरे समोरच्या रस्त्याकडे बघत होते.

‘मी सांगणार होते. रोज वाटायचं सांगावं. पण तुम्ही कधी विचारलंच नाही, की खरंच दुखत होतं का म्हणून.’

सासऱ्यांनी पहिल्यांदा मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

‘विचारायला तू परकी होतीस का?’

एवढंच बोलून ते उठले, आणि थांबा यायला अजून खूप वेळ होता तरी दाराशी जाऊन दांडा धरून उभे राहिले.